आरंभशूराचा नवतपा

गुपचुपवाल्याने दिलेली पहिलीच पुरी माझ्या तोंडात शिरेना. तोंड उघडलं, वाकडं केलं, मान मागे टाकली. शेवटी ती ओठांवरच फुटली आणि चिंचेचं पाणी शर्टाच्या आतून थेट पोटापर्यंत गेलं. बायको हसली नाही. तेव्हाच मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत होतो.

"स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," डॉक्टर म्हणाले. दोन गेली. तिसऱ्याचं नख गेलं, बाकी बोट उंबरठ्यावर अडलं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाता का, असं विचारलंच नाही. नागपुरात त्या प्रश्नात वेळ कोण घालवतो? सुपारीने गाल आतून आखडत जातात, आखडलेले सहसा पहिल्यासारखे होत नाहीत, पुढे कॅन्सरची भीती, असं सगळं सांगून ते म्हणाले, "आजच सोडा. निदान ही दोन वाचवा."

आज म्हणजे २५ मे. त्याच दिवशी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ तापते दिवस, लागला होता. सूर्य रोहिणीत, पारा ४५ च्या घरात, आणि कूलर गरम हवा नुसती ओली करून अंगावर फेकत होता. म्हटलं, नऊ दिवस काढले की झालं. संकल्प सोडला. भाषेची गंमत बघा, घट्ट धरून ठेवायचा तो संकल्पसुद्धा आपण हातावरून पाणी घालून 'सोडतो'. मग पुढे काय होणार?

घरात माझी कीर्ती जुनीच. हार्मोनियम सहा महिने, अंबाझरीच्या फेऱ्या सतरा दिवस, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पान बत्तीस. आई मला 'आरंभशूर' म्हणते. सभ्य शब्द आहे, निदान 'शूर' तरी आहे त्यात. बायको सरळ 'धरसोड्या' म्हणते. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक, ते भर्तृहरीशिवाय बोलत नाहीत. विघ्नांच्या भीतीने जो सुरुवातच करत नाही तो नीच. सुरू करून विघ्न आलं की थांबतो तो मध्यम. आणि पुन्हा पुन्हा विघ्नं आली तरी जो सोडत नाही तो उत्तम.

"म्हणजे मी मध्यम," मी म्हणालो. "पास झालो की!"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने बडीशेपेची डबी पुढे सरकवली आणि माझा चेहरा पाहून म्हणाली, "झालं? निघाले रणछोडदास?" इथे मात्र विदर्भाचा अभिमान जागा झाला. म्हटलं, रणछोड म्हणजे कृष्ण, त्याला नावं ठेवायची नाहीत, तो आपला जावई आहे. रुक्मिणी आपल्या कौंडिण्यपूरची. जरासंधापुढून मथुरा सोडून द्वारकेला गेला, तरी गुजरातेत डाकोरला त्याच नावाचं देऊळ आहे त्याचं!

"तो मथुरा सोडून गेला तो गेला," ती म्हणाली. "संध्याकाळी पुन्हा ठेल्यावर नाही गेला."

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. लवंग चावली, ओवा चावला, कूलरच्या पंपाशी भांडलो. पलंगावर पडल्या पडल्या माघारीचे शब्द मोजत होतो. पाठ दाखवणे, शेपूट घालणे, नांगी टाकणे, काढता पाय घेणे. एक रणांगणातला, एक कुत्र्याचा, एक विंचवाचा. गाशा गुंडाळणे तर घोड्याचा. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. बनियनवर पडून बडीशेप चघळणाऱ्या माणसाच्या मापाचा एक शब्द नाही. घोडा नव्हता, तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गाशा गुंडाळला आणि चौकातल्या पानठेल्यावर गेलो. नुसतं भेटायला.

ठेलेवाला पन्नीत घोटत होता. सुपारी, तंबाखू, बोटभर चुना; पन्नीची घडी पाटीवर ठेवून तळहाताने चर्र चर्र. त्या आवाजाने माझ्या कानामागे घाम फुटला. वास तर मला नावाने हाक मारत होता.

"काय बे, सोडला म्हणते?" आमच्या कंपूतला एक म्हणाला. "डॉक्टरनं भेव दाखवलं अन् पळाला?"

म्हणजे घरी न सोडणारा पळपुटा आणि ठेल्यावर सोडणारा पळपुटा. मी भर्तृहरी काढला. तोही पट्ठ्या ऐकून घेत म्हणाला, "मंग बरोबर आहे ना बे! दोन हजार बारात गुटखा बंद झाला, बायको माहेरी गेली, दात पडले, इतकी विघ्नं आली, तरी आपण खर्रा सोडला का? आपण उत्तम!" बाबांना हा अन्वय सुचला नसता.

मी अजून हात खिशात धरून उभा. ठेलेवाल्याने न विचारताच एक पुडी माझ्यासमोर ठेवली. त्याला उधारी आणि माझा स्वभाव, दोन्ही पाठ.

"तुम्ही कधी सोडला हो?" मी विचारलं. इतक्या वर्षांत त्याला खाताना पाहिलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं.

"मी कायले सोडतो, भाऊ?" तो पुढची पन्नी कापत म्हणाला. "मी धरलाच नाही. लहानपणी बाबाचं तोंड पाह्यलं, भेव वाटलं, हातच नाही लावला."

विघ्नाच्या भीतीने सुरुवातच न केलेला. भर्तृहरीच्या हिशेबात सगळ्यात खालचा.

"तीन बोटं जातात का तुमच्या तोंडात?" मी विचारलं.

त्याने चुन्याचा हात फडक्याला पुसला आणि तोंड उघडून दाखवलं. चार गेली. वर एक अख्खं गुपचुपही गेलं असतं.