पल्स पाडणारे पुष्कळ, वीज आणणारे कोण?

आमच्या चेंबूरच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या 'काली' नावाचं यंत्र गाजतंय. ते बनवणारं भाभा अणुसंशोधन केंद्र शेजारच्याच ट्रॉम्ब्यातलं, त्यामुळे उत्साह घरचं कार्य असल्यासारखा. बटण दाबलं की शत्रूची रडार, विमानं, फोन सगळं ठप्प, असा एकूण सूर. 'तू माँट्रियलला बसून काय सांगणार?' हेही ऐकून झालं.

सांगतो. काली म्हणजे किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. इलेक्ट्रॉनचा प्रचंड झोत क्षणभर सोडणारं संशोधनाचं अवजड यंत्र. ते खांद्यावर टाकून सीमेवर नेता येत नाही.

विद्युतचुंबकीय पल्सचा, म्हणजे विजेची यंत्रणा बिघडवणाऱ्या ऊर्जेच्या क्षणिक झटक्याचा, धोका मात्र खरा. ९ जुलै १९६२ला अमेरिकेनं प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, आणि सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाईत रस्त्यावरचे काही दिवे गेले. स्फोटाचे गॅमा किरण हवेतून इलेक्ट्रॉन उडवतात, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्यांना वळवतं आणि खाली तारांमध्ये विजेचा भलताच दाब चढतो. हा पहिला, वेगवान तडाखा. त्यामागून येणारी संथ लाट लांबलचक वीजवाहिन्यांत शिरून ट्रान्सफॉर्मर तापवते.

ती संथ लाट सूर्यही पाठवतो. १३ मार्च १९८९च्या पहाटे क्यूबेकची वीजव्यवस्था सौरवादळानं दीड मिनिटात कोसळली. साठ लाख माणसं, नऊ तास, तेही इथल्या मार्चच्या थंडीत! मग वाहिन्यांवर कपॅसिटर बसवले, बिघाड होताच वाहिनी तोडणाऱ्या संरक्षक रिलेंची मांडणी बदलली. कंटाळवाणी कामं, पण ती झाली.

आणि मुंबई? १२ ऑक्टोबर २०२०ला शहराला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा वाहिनीच्या बिघाडानं वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर गेली. राज्याचे मंत्री म्हणाले सायबर घातपात, केंद्राचे म्हणाले मानवी चूक. आपण चीननं केलं की नाही यावरच भांडत बसलो. मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून, म्हणजे वीजजाळ्यापासून, तोडून वाचवणारी 'आयलंडिंग' त्या दिवशी का टिकली नाही, हा प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत कधी आलाच नाही. मला तोच जास्त झोंबतो.

पल्स असो, सूर्य असो की पडघ्याचा बिघाड, अंधार तोच. मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही, मागणी नोंदवल्यावर यायला वर्ष सहज जातं. मुंबईसाठी असे सुटे किती ठेवलेत आणि कुठे, हे चेंबूरकरांनी आपल्या आमदारांना विधानसभेत विचारायला लावावं.