एका झाडाला पाच मसाले? मग लवंग तोडायची कुठून?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल: 'ऑलस्पाइसचं एक झाड लावा आणि लवंग, दालचिनी, जायफळ, मिरी, वेलची एकाच झाडावर मिळवा. पान म्हणजे तमालपत्रच. कुंडीतही येतं, तिसऱ्या वर्षी फळ. फळं पिकली की वाळवा, बाजारचा गरम मसाला कायमचा बंद.' झाड खरं आहे, चांगलंही आहे. त्याच्या नावावर खपवलं जातंय ते मात्र भलतंच.

लवंग म्हणजे न उमललेली कळी, दालचिनी म्हणजे साल, जायफळ म्हणजे बी. मिरी वेलीला लागते आणि वेलची तर आल्या-हळदीच्या कुळातली, तिला झाडच नाही. पाचांची कुळं पाच. ऑलस्पाइसला लागतं एकच फळ, मिरीपेक्षा जरा मोठं, गोल. त्याला लवंगेसारखा वास येतो, कारण दोन्हींच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल. शिवाय लवंग आणि ऑलस्पाइस दोन्ही जांभळाच्या कुळातली. इंग्रजांना त्या दाण्यात लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र असल्याचा भास झाला, म्हणून हे नाव पडलं. तो भास रोपं विकणाऱ्यांनी थेट फांदीवर लटकवला.

तमालपत्राचा दावा तर पान हातात घेतलं की निकालात निघतो. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातकुळीतलं, त्यावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. ऑलस्पाइसच्या पानाला मधोमध एकच मुख्य शीर. उजेडात धरलं तर तेलाचे बारीक ठिपके दिसतात, चुरगळलं की लवंगेचा भपकारा. कोकणात काही घरी हे पान पुलावात पडतं आणि छान लागतं. पण तमालपत्राच्या हिशोबाने तीन-चार टाकलीत, तर भाताला दातदुखीच्या औषधाचा वास सुटेल.

आता लागवड. झाड मूळचं दक्षिण मेक्सिको, मध्य अमेरिका, जमैका, क्युबा या भागातलं. सदाहरित, 30-40 फूट सहज जाणारं. कुंडीत पानांपुरतं जगेल. बियांपासून केलेल्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी धरा. त्यातही खरी मेख मेसेजमध्ये नाहीच: फुलं दिसायला द्विलिंगी असली तरी व्यवहारात झाडं नर किंवा मादी असतात. नर झाड फुलांनी गच्च भरतं, फळं नावापुरती. एकच रोप आणलेल्याला हे कळेपर्यंत इतकी वर्षं गेलेली असतात. जायफळाचीही झाडं नर-मादी वेगळी, त्यामुळे त्या बागायतदारांना हे दुखणं नवं नाही. फळ हवं असेल तर मादी झाडाचं कलम मागा, आणि आसपास एखादा नर असू द्या. नुसत्या पानांसाठी कुठलंही रोप चालेल.

'पिकली की वाळवा' हे सरळ उलटं आहे. फळं पूर्ण वाढलेली, पण हिरवी असतानाच काढायची आणि उन्हात तपकिरी होईपर्यंत वाळवायची; दाणा कानाशी हलवला की आतली बी खुळखुळते, तेव्हा वाळला. झाडावर पिकून जांभळी-काळी झाली की फळं मऊ पडतात आणि वास उतरतो.

मधुमेह बरा होतो वगैरे ओळी काही मेसेजच्या शेपटाला जोडलेल्या असतात, त्या सोडून देऊ.

राहिला गरम मसाला. जमैकात हा दाणा मिरचीबरोबर वाटून 'जर्क' म्हणजे धुरावर भाजायच्या मांसाला चोळतात, धुरासाठी लाकूडही याच झाडाचं. तुर्कस्तानात तो डोल्म्याच्या, म्हणजे भरलेल्या भाज्या-पानांच्या भातात, स्वीडनमध्ये हेरिंग माशाच्या लोणच्यात. सगळीकडे तो इतर जिनसांच्या सोबतीला असतो. आपल्या मसाल्यातले धणे, बडीशेप, दगडफूल या दाण्यातून कुठून येणार? मटणाच्या रश्श्यात लवंगेऐवजी तीन-चार दाणे ठेचून टाकून बघा, चव चांगली येते. वेलची मात्र विकतच आणा.