सेन्स पिनवरचा कपॅसिटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडीच्या एलईडी हेडलॅम्पच्या बूस्ट ड्रायव्हरची (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून माळेला देणारं सर्किट) आकृती मी दिली होती. माळ तुटून आउटपुट व्होल्टेज चढलं की आयसी ते सेन्स पिनवर ओळखते आणि ड्रायव्हर बंद करते. त्या पिनवर मी 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलाय. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सेन्स पिनवर कपॅसिटर लावणाऱ्याने एलईडीची माळ तुटलेली कधी पाहिलीच नसावी, संरक्षण उशिरा जागं होईल. हे पुस्तकी सर्किट गाडीत टिकणार नाही,' असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू द्या. पण मी काय पाहिलंय ते न विचारताच ठरवायचं, ही कुठली रीत?

एक चूक मान्य. आउटपुट कपॅसिटरचं रेटिंग आकृतीत द्यायचं राहिलं. ते 100 व्होल्ट आहे.

आता तुमचा 'उशीर'. आउटपुट व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा पिनला देणारा डिव्हायडर 1 मेगाओम आणि 25 किलोओमचा, आयसीचा थ्रेशोल्ड 1.2 व्होल्ट, म्हणजे ट्रिप (संरक्षण लागणं) साधारण 49 व्होल्टला. पिनला दिसणारा रोध 24 किलोओम. 1 नॅनोफॅरडसोबत उशीर झाला 24 मायक्रोसेकंदांचा. माळ तुटली की तिचे 350 मिलिअँपियर 4.7 मायक्रोफॅरडच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये शिरतात आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज जेमतेम पावणेदोन व्होल्ट चढतं. माळेत करंट दिसत नाही म्हणून ड्रायव्हरचा कंट्रोल लूप ड्यूटी (स्विच चालू राहण्याचा वेळ) वाढवतो, तेव्हा ही वाढ तिप्पट धरा. तरी 55 व्होल्टच्या आत. मी 10 नॅनोफॅरड लावला असता तर हाच हिशेब 100 व्होल्टच्या पार जातो, तेव्हा तुमचं बोलणं मुकाट ऐकलं असतं.

चौदा वर्षं मी हेच काम करतोय. सुरुवातीला मीही कपॅसिटरशिवाय बोर्ड केला होता. संरक्षण झटकन लागायचं, त्याचा मला अभिमान होता. मग आयएसओ 11452-4 च्या चाचणीत (गाडीतलं उपकरण रेडिओ व्यत्ययात नीट चालतं का, ही तपासणी) हार्नेसवर, म्हणजे वायरिंगवर, आरएफ करंट सोडला. सेन्स पिनने तो व्यत्ययच जास्त व्होल्टेज समजला आणि धडधाकट दिवा विझायला-पेटायला लागला. कपॅसिटरऐवजी डिव्हायडरचा रोध दहापट कमी करून पाहिला. पण बूस्ट थेट बॅटरीवर असेल तर ड्रायव्हर बंद असतानाही इंडक्टर-डायोडमधून डिव्हायडरला करंट मिळतच राहतो. बॅटरीतून सतत जाणाऱ्या 12 मायक्रोअँपियरचे जवळपास सव्वाशे झाले. म्हणून शेवटी कपॅसिटर. रात्री धावत्या गाडीचा हेडलॅम्प उगाच विझणं तुम्हाला किरकोळ वाटतं का? त्या दिवशी लॅबमध्ये मान खाली घालून उभा होतो तो मी, आणि तुम्ही मलाच पुस्तकी म्हणता.

ट्रिप 40 व्होल्टवर आणा, असंही म्हणता. 12 एलईडींच्या माळेचा फॉरवर्ड व्होल्टेज उणे 40 अंशांना किती वाढतो ते आधी पाहा. ट्रिपनंतर ड्रायव्हर बंदच ठेवायचा (लॅच) की आपोआप पुन्हा चालू करायचा (ऑटो-रीट्राय), हा वेगळा विषय. लोड डंप (बॅटरी अचानक सुटल्यावर अल्टरनेटरकडून येणारा व्होल्टेजचा झटका) तर इनपुटकडचा टीव्हीएस (झटका शोषणारा डायोड) बघतो, त्याचा इथे संबंधच नाही.

1 नॅनोफॅरड लावून माळ तोडा आणि स्कोपवरचा वेव्हफॉर्म पाठवा. 55 व्होल्टच्या वर गेला तर आकृती त्याच दिवशी बदलेन, तुमचा उल्लेख करून.