तोफेचं पण टेंडरच आसतंय

वाद हेलिकॉप्टरवरून लागला. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरात परांड्याकडं अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढली, त्याचा व्हिडिओ पुतण्या पाडव्याच्या संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा दाखवत होता. मंडी बाजाराच्या अलीकडं आमचा कट्टा आहे. कट्टा म्हणजे बंद दुकानाची पायरी आणि चहावाल्याची दोन बाकडी. दिवाळीला गावी आलेले धरून त्या दिवशी आम्ही सहा जण होतो.

सुभेदार काकांनी व्हिडिओ नीट पाहिला आणि मोबाईल परत दिला. "हे ठीक हाय. पन सियाचिनला काय उडायलंय, ठाव हाय का? चीता. साठ-सत्तरच्या जमान्यातलं डिझाइन. बदलायचं म्हनून १९७ हेलिकॉप्टरचं टेंडर काढलं, २००७ ला रद्द केलं. पुन्हा काढलं, २०१४ ला पुन्हा रद्द."

"मंग त्यात काय नवल?" गुत्तेदार म्हणाला. हा आमचा दोस्त जिल्हा परिषदेची कामं घेतो. "आमच्या वड्यावरच्या पुलाचं टेंडर चारदा निघालं. तोफेचं पण टेंडरच आसतंय. निघनार, पडनार, पुन्हा निघनार."

काकांना हे लागलं. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. "पुलाचं आन् तोफेचं एक करायलास व्हय रे तू?"

"प्रोसिजर एकच हाय काका, ते म्हनायलो मी."

खरं सांगायचं तर गुत्तेदार फार चुकीचा नव्हता. कारगिलनंतर, २००१ मध्ये, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण संपादन परिषद झाली आणि २००२ पासून खरेदीची लिखित पद्धत आली. आधी परिषदेनं 'गरज मान्य' म्हणायचं. मग कंपन्यांना प्रस्ताव मागवायचे, तांत्रिक लिफाफे उघडायचे, नंतर वाळवंटात आणि बर्फात चाचण्या. चाचणीत जे टिकले त्यांचेच दराचे लिफाफे फुटणार. सगळ्यात कमी दर तो एल-वन, त्याच्याशी भावाची घासाघीस, आणि मोठा सौदा असेल तर शेवटी पंतप्रधानांच्या समितीपुढं. प्रत्येक पायरीला सही, आणि सही करणारा तीन वर्षांत बदलून जाणार.

"आन् चाचनीत एकच टिकला तर?" गुत्तेदारानं विचारलं.

"तर सिंगल व्हेंडर झालं म्हणून बऱ्याचदा सगळंच पुन्हा पहिल्यापासून," मी म्हणालो.

"बगा! आमच्याकडं निदान दोन डमी टेंडरं तरी भरतेत." सगळे हसले. काका हसले नाहीत.

पुतण्या स्पर्धा परीक्षा करतो, त्याला सनावळ्या तोंडपाठ. १२६ लढाऊ विमानांसाठी २००७ ला प्रस्ताव मागवले. सहा विमानं आली. लेहची थंडी, जैसलमेरचा उन्हाळा, बंगळूरू, सगळीकडं उडवून पाहिली. जानेवारी २०१२ मध्ये राफेल एल-वन ठरलं. त्यावर तीन वर्षं नुसती बोलणी. २०१५ ला तो सौदाच गुंडाळला आणि २०१६ ला सरकार-ते-सरकार करारात ३६ विमानं घेतली. "म्हणजे १२६ च्या चर्चेतून ३६," तो म्हणाला, "आणि शेवटचं विमान आलं डिसेंबर २०२२ ला."

"पंधरा वर्सं," काका म्हणाले. "पंधरा वर्सांत पोरगं दहावीला जातंय."

मग काका बोफोर्सवर आले, ते येणारच होते. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मला नेहमी आवडते, ते घोटाळ्याबद्दल आधी बोलत नाहीत, गोळ्याबद्दल बोलतात. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४५ किलोचा. द्रासच्या उंचीवर दहा पावलं चाललं की धाप लागते, तिथं तो उचलून तोफेपर्यंत न्यायचा. कारगिलमध्ये समोरच्या कड्यावर नेम धरून मारा केला तो ह्याच तोफांनी. बोलताना काका दोन्ही हात पोटाशी धरतात, बाळ धरल्यासारखे.

"१९८६ ला ४१० तोफा घेतल्या. दुसऱ्या वर्षी दलालीचा बोभाटा झाला. त्याच्यानंतर तीस वर्सं नवी १५५ ची तोफ नाय आली आमच्याकडं. एक नाय! सुटे भाग मिळंनात म्हनून एका तोफेचं काढून दुसरीला लावायचं. घोटाळा केला कुनी, आन् सजा कुनाला?"

"पण कागद तर आले होते ना करारात? नकाशे?" वाळूजवाला म्हणाला. हा आमचा वर्गमित्र, वाळूजला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी मशिनी.

"आले होते की. त्याच्यावरून जबलपूरला धनुष तोफ बनली, पयल्या सहा फौजेला मिळाल्या २०१९ ला."

वाळूजवाल्यानं मान हलवली. धनुषची एक गोष्ट त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तोफेला लागणारी बेअरिंग 'मेड इन जर्मनी' शिक्का मारून पुरवली आणि ती चिनी निघाली, म्हणून २०१७ मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला होता. "हे एल-वनचं फळ," तो म्हणाला. "दर इतका खाली दाबता की खरा माल देणारा भरतच नाही."

"बिलो जानारा कुठून तरी काढनारच की," गुत्तेदार म्हणाला. ह्या विषयातला अनुभव त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. आम्ही पुढं विचारलं नाही.

एवढ्यात त्यानंच ठिणगी टाकली. म्हणाला, पैसा आहे कुठं खरेदीला, सगळा तर पेन्शनमध्ये जातो. पुतण्यानं लगेच आकडे दिले: २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यात नव्या खरेदीसह भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी, आणि पेन्शनला १.६० लाख कोटी.

काका उठून उभे राहिले. "मपली पेन्शन मोजायलास व्हय तू? कट्ट्यावर बसून?"

"तुमची नाय ओ काका, एकूनची म्हनायलो..."

"एकून म्हंजे मीच की!"

पाच मिनिटं नुसता आरडाओरडा. चहावाल्यानं न सांगता कट चहा आणून ठेवला, त्यावर काका बसले. पण बसता बसता बोलले ते ऐकण्यासारखं होतं. पैसा नसतो हे अर्धंच खरं. सौदा वेळेत झाला नाही की मार्चअखेर ठेवलेला पैसा परत जातो, आणि एप्रिलला पुन्हा शून्यापासून मागणी. १५ व्या वित्त आयोगानं त्यासाठीच न संपणारा वेगळा निधी सुचवला होता, २०२१ ते २६ साठी २ लाख ३८ हजार कोटींचा. तेवढं मी सांगितलं. गुत्तेदाराला मार्चएंड समजावून सांगावा लागला नाही.

मास्तर इतका वेळ गप्प होते. इतिहास शिकवून रिटायर झालेले. "नियोजन आपल्याला येत नाही असं नाही," ते म्हणाले. "चीनकडून मार खाल्ल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव दिल्लीला गेले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचं वेगळं खातं निघालं, आणि १९६४ पासून सैन्याची पहिली पंचवार्षिक योजना. योजना तेव्हापासून आहेत. पण योजनेतल्या आकड्यामागं अर्थखात्याचा शब्द पाहिजे. तो नसला की योजना म्हणजे लग्नाची यादी. पैसे कोण देणार ते ठरलेलंच नाही."

मग ते आमच्या मुलखात आले. "आणि आयत्या वेळी शस्त्रं घेणं काय असतं ते विचारा निजामाला. १९४८ ला सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून आणायचा, बिदरला उतरवायचा. आपल्या उदगीरच्या पलीकडं. सोन्याच्या भावानं घेतलेला माल. १३ सप्टेंबरला फौज आत आली, १७ ला सगळं संपलं."

"निजामाची गोष्ट वेगळी," पुतण्या म्हणाला, "आता तसं नाही." त्याची बाजूही मांडली पाहिजे, कारण तो एकटा पडला होता. त्याचं म्हणणं, तुम्ही सगळे जुन्या तोफा उगाळताय. मार्च २०२५ मध्ये देशात बनलेल्या ३०७ तोफांचा करार झाला, त्यात पुण्याची कंपनी आहे. २०२४-२५ ला शस्त्रांची निर्यात २३,६२२ कोटींची झाली. आणि परवाच, १७ ऑक्टोबरला, नाशिकहून देशी लढाऊ विमान तेजस मार्क-वन-ए उडालं.

"उडालं, पन हवाई दलाला मिळालं का?" काका. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिलं यायचं होतं मार्च २०२४ पर्यंत. अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली. तोवर मिग-२१ निवृत्त झालं आणि लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, पाहिजेत तिथं उरल्या २९. "तेजसची मंजुरी १९८३ ची हाय. मी तवा भरती पन नव्हतो झालो."

माझं मत मी त्या दिवशी तुटक बोललो, इथं नीट लिहितो. आपल्याकडं खरेदी केल्याबद्दल चौकशी लागते. खरेदी न केल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस गेल्याचं मी ऐकलं नाही. मग शहाणा अधिकारी काय करणार? शंका काढून फाईल वर पाठवणार, तोवर बदली होते. बुलेटप्रूफ जॅकेटचंच घ्या. १ लाख ८६ हजार जॅकेटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली, करार झाला एप्रिल २०१८ ला. रक्कम ६३९ कोटी, बजेटच्या हिशेबात चिल्लर. मधल्या नऊ वर्षांत काश्मीरला जुनं जड जॅकेट घालून चढणाऱ्या पोराचा हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा? उरी झालं, गलवान झालं, सिंदूर झालं की मग तातडीचे अधिकार मिळतात. तीनशे कोटींपर्यंतची खरेदी, वर्षाच्या आत माल. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मास्तरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तातडीत घेतलेलं चार तऱ्हेचं येतं, उद्या सुटे भाग चार दुकानांतून आणा. हेही खोटं नाही.

वाळूजवाल्यानं खिशातून एक बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची पोकळ नळी, काढून बाकावर ठेवला. दोन बोटांत मावणारा, चकचकीत, कडेला बारीक आटे. एका सरकारी कारखान्याची २०० नगांची ऑर्डर त्याला मिळाली होती. ड्रॉइंग दिलं त्याप्रमाणं काढले, कोटिंग करून पाठवले. तपासणीत कळलं की ड्रॉइंग बदललंय, आत वीस मायक्रॉनचा फरक. नवं ड्रॉइंग त्याला माल परत आल्यावर पोचलं. चाळीस नग कसेबसे बसले, पैसे आले अकरा महिन्यांनी.

"पुन्हा भरनार का?" गुत्तेदारानं विचारलं.

"बघू. कार कंपनीचं काम पंचेचाळीस दिवसांत पैसे देतं."

काकांनी बुश उचलला, डोळ्याजवळ नेला, अंगठा आतून फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "काम तर चोख हाय रे."

"राहू द्या काका तुम्हाला. घरी एकशे साठ पडलेत."