पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

माझी बायको मराठीची शिक्षिका. नोकरीतून निवृत्त झाली, पण तिचं लाल पेन अजून कामावर आहे. लग्नपत्रिका, वाण्याची यादी, सोसायटीची नोटीस, काहीही त्यातून सुटत नाही. आणि मी शिवराया जमवतो. आता शिवराई म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आमच्या घरात काय चालत असेल याचा अंदाज आला असेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेला तांब्याचा पैसा. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि ही शिवराई, दोन्ही पाडली गेली. होन आमच्यासारख्यांनी काचेबाहेरून बघायचा. शिवराई मात्र पुढे पेशवाईभर पाडली जात राहिली, त्यामुळे पेन्शनीत बसते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री, राजा, शिव'. दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र, पति'. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. झालं.

झालं कसलं! इथूनच तर सुरुवात होते. ठसे हाताने कोरलेले, तेही उलट्या अक्षरांत. टाकसाळी अनेक, काही चक्क मक्त्याने दिलेल्या. प्रत्येक कारागिराचं शुद्धलेखन स्वतंत्र. कुणी 'शिव' कोरतो, कुणी 'सिव', कुणी 'सीव'. कुठे बेलपान, कुठे चंद्रकोर. पुढे आली ती दुदांडी, म्हणजे मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली. साधी शिवराई सगळ्यांकडे असते. आमची सगळी धडपड कारागिराने काहीतरी वेगळं करून ठेवलेल्या नाण्यासाठी.

"'सीव'?" बायकोने भिंग खाली ठेवलं. "याला मी अर्धा मार्क कापत होते. तुम्ही वर जास्त पैसे मोजून आलात?"

"अगं, म्हणून तर ती दुर्मिळ आहे."

"दहावी ब मध्ये या, ढिगाने दाखवते."

बरं, वेलांटी दिसली तर भांडणाला अर्थ. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. मधला 'राजा' ठणठणीत असतो. उडते ती नेमकी वेलांटी. उरलेल्या तुकड्यावरून ती पहिली की दुसरी, की तांब्याला गेलेला तडा, यावर आमच्या संग्राहक मंडळींत बोलणी बंद झालेली आहेत.

खरेदीचा प्रकार वेगळाच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी उकिडवं बसायचं. समोर नट-बोल्टचे पाने, नळाच्या तोट्या, एका पायाचा बूट आणि त्यात नाण्यांचा ढीग. विक्रेत्याच्या लेखी प्रत्येक शिवराई खुद्द महाराजांच्या काळातली. सुरुवातीच्या शिवराया वजनाला चांगल्या जड, ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास, म्हणून मी खिशातून छोटा काटा काढतो. काटा आठावर थांबतो.

"झिजली साहेब," तो म्हणतो, "तीनशे वर्षं झाली, तुम्ही नाही झिजलात?"

यावर उत्तर नसतं. मग तो ठेवणीतला माल काढतो: पितळी नाणं, एकीकडे मारुतीराया, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६ साल. सोबत 'यूके'चं नाव. १६१६ साली 'यूके' नावाचा देशच जन्माला आला नव्हता, पण मारुतीरायासमोर वाद घालू नये म्हणून मी हात जोडून उठतो.

नातेवाइकांचं वेगळंच. कुणाच्या तरी फडताळात १८३५चा कंपनीचा पाव आणा निघतो आणि रात्री अकराला फोन येतो, "दादा, याचे दहा लाख येतात ना? मोबाईलवर आलंय." हे पाव आणे पोत्यांनी पाडले गेले होते आणि अशा खरेदी-विक्रीच्या भूलथापांना बळी पडू नका असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितलंय, हे मी समजावतो. त्यावर "म्हणजे तुम्हाला स्वस्तात हवंय" असा निष्कर्ष निघतो. एका मावशींनी तर "दाखवण्यासारखं दिसावं" म्हणून ते चिंच-मीठ लावून घासूनच आणलं. तांब्यावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला रंग, ज्यासाठी आम्ही जीव टाकतो, तो मोरीत गेला होता. मी "वा, छान" म्हणालो. मावशींना दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात बायको हट्टाने बाजारात आली. विक्रेत्याने 'छत्र पती' असं दीर्घ वेलांटीचं नाणं काढलं. नेहमीचं 'पति' ह्रस्व, म्हणून या नाण्याचे चौपट सांगितले.

"का?" बायको.

"रेअर पीस बाई. अक्षर चुकलंय."

"कोण म्हणतं चुकलंय? १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शेवटचं अक्षर दीर्घच. ही एकटी बरोबर आहे, बाकी तुमचा ढीग चुकलाय. बरोबर लिहिण्याचे कसले जास्त पैसे?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोट्यांकडे पाहिलं. नाणं साध्या भावात मिळालं, आणि वर त्याने तिला एक दुदांडी फुकट दिली, फक्त आता उठा म्हणाला.