‘उतारावर ब्रेक मारतो तोच पडतो’ म्हणे!

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर पुन्हा तो मेसेज फिरायला लागलाय. थोडक्यात असा: उतारावर ब्रेक मारतो तोच पडतो, स्पीड वाढला की सायकल आपोआप बॅलन्स होते, पुढच्या ब्रेकला चुकूनही हात लावू नका नाहीतर हँडलवरून उडाल, हेल्मेट असलं की ताशी साठ किमीला पण टेन्शन नाही, आणि टूर द फ्रान्स शर्यतवाले बघा कसे सुसाट उतरतात. पाऊस संपून पुण्याजवळच्या सिंहगड-बोपदेव घाटांत नवीन पोरं यायला लागली की नेमकं हे येतं, म्हणून लिहितोय.

बॅलन्सचं अर्धं खरंय, मान्य. हळू असताना सायकल डगमगते, वेगात सरळ पळते. पण सरळ! घाटात सरळ रस्ता असतो कुठे? एकाच वळणावर ३० ने जायला टायरला जेवढी पकड लागते त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ४० ला लागते (वेगाचा वर्ग, शाळेतलंच), आणि पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरलेली असली की विसराच. त्यात कधीकधी वेगात हँडल थडथडायला लागतं, त्याला वॉबल म्हणतात, तेव्हा घाबरून हँडल आवळलं की अजून वाढतं. गुडघ्यांनी टॉप ट्यूब (सीटपासून हँडलकडे जाणारा वरचा दांडा) दाबून धरायची आणि हळूहळू वेग उतरवायचा.

पुढच्या ब्रेकचा मुद्दा सगळ्यात घातक. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घासत जातं, म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्यातच. ६० चा स्पीड म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. कोरड्या सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण ३० मीटरात थांबाल, एकट्या मागच्यावर त्याच्या दुप्पट, उतारावर अजून जास्त. हे सगळं ब्रेक दाबल्यापासून, समोर माकड दिसून बोटं हलेपर्यंतचे मीटर वेगळेच. उडतात लोक, नाही असं नाही, पण ते हात ढिले ठेवून पुढचा एकदम आवळतात म्हणून. बूड मागे सरकवा, हात ताठ न ठेवता नीट टेकवा, दाब हळूहळू वाढवा.

मग ‘ब्रेक मारतो तोच पडतो’ हे आलं कुठून? वळणाच्या मधोमध ब्रेक मारणाऱ्यांकडून, म्हणजे माझ्यासारख्यांकडून. बोपदेव उतरत होतो, मीटरवर ४७, डावं वळण, आत शिरल्यावर खडी दिसली आणि दोन्ही लिव्हर कचकन दाबले. पुढचं चाक सरकलं, खांद्यावर आपटलो, कॉलरबोन गेलं, कोपरातले खडे नर्स चिमट्याने एकेक काढत होती आणि मित्र म्हणतोय ब्रेक मारलास म्हणून पडलास. अरे, उशिरा मारला म्हणून पडलो! ब्रेक वळणाच्या आधी, सायकल उभी असताना, मग सोडून आत जायचं.

हेल्मेट घालाच, त्यात वाद नाही. पण युरोपियन स्टँडर्डच्या टेस्टमध्ये सपाट पृष्ठभागावर आपटतानाचा वेग साडेएकोणीस किमीच्या आसपास असतो, म्हणजे दीड मीटरवरून पडणं. साठने भिंतीवर आदळणं म्हणजे १४ मीटरवरून, चौथ्या मजल्याच्या उंचीवरून. तो खेळच वेगळा.

राहिले टूरवाले. टॉप ट्यूबवर बसून उतरायची ती सुपरटक पोझिशन यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) २०२१ मध्ये बंद केली, का ते वेगळं सांगायला नको. आणि चार वेळा टूर जिंकलेला ख्रिस फ्रूम जून २०१९ ला फ्रान्समध्ये टाइम ट्रायलच्या (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आधी रस्ता बघायला निघाला होता, उतारावर नाक शिंकरायला एक हात काढला, वाऱ्याचा झोत आला आणि ५४ च्या आसपासच्या स्पीडला भिंतीवर गेला. मांडीचं हाड, कोपर, बरगड्या, सगळं मोडलं. भिंत तरी जागची हलत नव्हती. आपल्या घाटात वळणावर निम्मा रस्ता घेऊन एसटी वर येत असते आणि तिला ओव्हरटेक करणारी एक बाईक.