जुलाबात पोट कोरडं ठेवू नका : फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

जुलाबांवरचा एक सल्ला फोनवरच्या गटांमधून सतत पुढे ढकलला जातो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा असतो : "जुलाब लागले की पोटाला आराम द्या, एक दिवस अन्न-दूध बंद. पाणी बेतानं, नाहीतर जुलाब वाढतात. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी. कोल्ड्रिंक किंवा फळांचा रस दिला तरी तेच. उलट्या होत असतील तर तोंडानं काही देऊ नका, सलाईनच लावावं लागतं. जुलाब बांधायची गोळी आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा. मधुमेह असेल तर ओआरएस नको. दोन दिवसांत आपोआप थांबतं."

या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच समजूत आहे : जुलाब थांबले म्हणजे आजार बरा झाला. पण तीव्र जुलाबांत जीव जातो तो बहुतेक वेळा शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते गेलेलं पाणी पुरेसं परत जातंय का, यावर. हे एकदा पक्कं झालं की वरच्या मजकुरातलं जवळपास काहीच टिकत नाही.

"पाणी बेतानं द्या, नाहीतर जुलाब वाढतात"

निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातलं खाण्यापिण्यातून आलेलं साधारण २ लिटर. बाकी सगळं लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. एवढ्यातून शौचावाटे बाहेर पडतं ते १०० ते २०० मिलीलिटर, उरलेलं आतडं परत शोषून घेतं. जुलाबात हे शोषणं मंदावतं किंवा स्राव वाढतो. त्यामुळे तोंडानं दिलेलं पाणी बंद केलं तरी जुलाब चालूच राहतात, फक्त ते पाणी आता रक्तातून जातं. मूल मलूल होतं ते यामुळेच.

किती द्यायचं? पाणी अजून फारसं कमी झालेलं नसेल तर प्रत्येक पातळ संडासनंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलीलिटर ओआरएस, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर, आणि त्यापेक्षा मोठ्यांना मागतील तेवढं. हे नेहमीच्या पिण्याव्यतिरिक्त. डोळे खोल गेलेत, मूल चिडचिडं झालंय, पेला दिसला की झडप घालतंय, म्हणजे तूट आधीच पडली आहे. मग वजनाच्या दर किलोला ७५ मिलीलिटर या हिशोबानं पहिल्या ४ तासांत भरून काढायचं असतं. १० किलोच्या मुलाला ७५० मिलीलिटर. हे शक्यतो दवाखान्यात, नजरेखाली व्हावं. पण तिथं पोहोचेपर्यंत हात आखडता घेऊ नये.

"ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी, कोल्ड्रिंक दिलं तरी तेच"

घरोघरी सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या वाक्यानं, म्हणून इथं जरा थांबतो.

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडियमचे दोन आयन असे एकत्रच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी आत ओढलं जातं. कॉलऱ्यासारख्या जोरदार जुलाबातही हे दार बहुतांशी उघडं राहतं. ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. साखर इथं ताकदीसाठी किंवा चवीसाठी घातलेली नसते, मिठाला आत नेण्यासाठी असते. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ पासून लागू केलेल्या सूत्रात १ लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. या द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल, आणि एकूण विरघळलेल्या कणांची संहती, म्हणजे ऑस्मोलॅरिटी, २४५. रक्ताची साधारण २९० असते. द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ असल्यामुळे पाणी सहज आत जातं. आधीचं सूत्र ३११ चं होतं. नव्या सूत्रानं मुलांमध्ये जुलाबांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि सलाईनची वेळ येणं साधारण एक तृतीयांशानं कमी झालं.

आता कोल्ड्रिंक बघा. कोलासारख्या पेयात १०० मिलीलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, सोडियम जवळजवळ नाही, आणि संहती रक्ताच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. डबाबंद फळांच्या रसाचंही तेच. त्यात पोटॅशियम असतं, पण सोडियम नगण्य. इतकं गोड द्रावण आतड्यात गेलं की ते पातळ करायला शरीर स्वतःचंच पाणी आतड्यात सोडतं. जुलाब वाढतात, वर क्षार मिळतच नाहीत. खेळाडूंसाठीची पेयं त्यामानानं बरी, तरी त्यातलं सोडियम ओआरएसच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. ती घामासाठी बनवलेली असतात, जुलाबासाठी नाही. ओआरएससारखं दिसणारं खोकं आणि चवीचं तयार पेय विकत घेताना खोक्यावर सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण २४५ हे आकडे शोधा. ते नसतील तर ते ओआरएस नाही, नाव काहीही असो.

बरोबर पाकीट आणूनही घोळ होतो तो कालवताना. पाकिटं दोन मापांत मिळतात, १ लिटरची आणि २०० मिलीलिटरची. आधी पाकिटावरचं माप वाचायचं. १ लिटरच्या पाकिटातली चमचाभर पूड पेल्यात टाकून उरलेलं "नंतरसाठी" दुमडून ठेवणं ही फार सर्रास होणारी चूक. पुडीतले क्षार एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे एका पेल्यात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त असं होतं. पूर्ण पाकीट, पूर्ण मापाच्या पाण्यात, एकाच वेळी. पाणी आधी उकळून गार करायचं, पूड घातल्यावर उकळायचं नाही. त्यात वरून साखर, दूध, सरबत किंवा सोडा मिसळायचा नाही. झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

पाणी कमी घेतलं तर द्रावण खारट होतं आणि लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. पाणी जास्त घेतलं तर क्षार पुरत नाहीत. "मूल पीत नाही म्हणून जरा घट्ट केलं" हा मायेपोटी केलेला बदल धोक्याचा आहे.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा ५ मिलीलिटरचा, आणि वरून सुरीनं सपाट केलेला. रास भरलेला चमचा घेतला तर मीठ सहज दीडपट होतं. चव बघा : अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्यानं करा. मीठ आणि साखरेचे आकडे चुकून अदलाबदल होऊ देऊ नका. ६ चमचे मीठ बाळाचा जीव घेऊ शकतं. निरोप फोनवरून तोंडी सांगू नका, लिहून पाठवा. या घरगुती द्रावणात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, त्यामुळे पाकीट हाती आलं की त्यावर यायचं.

"उलट्या होत असतील तर तोंडानं काही देऊ नका, सलाईनच लागतं"

उलटी होते ती बऱ्याचदा तहानलेल्या मुलाला एका दमात पेलाभर पाजल्यामुळे. उलटी झाली की १० मिनिटं थांबा. मग दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक लहान चमचा, घड्याळ बघून. मिनिटाला ५ मिलीलिटर म्हणजे तासाला ३०० मिलीलिटर होतात. वरच्या १० किलोच्या मुलाला ४ तासांत ७५० मिलीलिटर हवेत. दीड मिनिटाला एक चमचा दिला तरी ते भरून निघतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा सुई काढलेली सिरिंज चांगली, वेग आपल्या हातात राहतो. मधेच उलटी झाली तरी दिलेलं सगळं बाहेर पडत नाही.

हे कंटाळवाणं काम आहे. दोन माणसांनी आळीपाळीनं करावं लागतं. सलाईन लावून मोकळं व्हावंसं वाटतं ते त्यामुळे. पण १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये मीठ-ग्लुकोजचं द्रावण करून ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. असे उपचार मिळालेल्यांत ते ३.६ टक्के राहिलं. पाजणारे हात प्रशिक्षित नव्हते, घरचेच होते.

सलाईन लागतं, पण ते ठरावीक वेळी : मूल बेशुद्ध किंवा अतिशय सुस्त असेल, पिऊच शकत नसेल, सगळंच उलटून पडत असेल, पोट फुगून आलं असेल. तेव्हा क्षणभरही थांबू नये.

"पोटाला आराम द्या, अन्न-दूध बंद करा"

आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतात. त्या नव्यानं तयार व्हायला लागणारं पोषण बरंचसं आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. उपाशी ठेवलं की दुरुस्ती रेंगाळते, आणि मुलाचं वजन उतरतं. आधीच अशक्त असलेलं मूल मग पुढच्या आजाराला लगेच बळी पडतं.

अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही; उलट जास्त वेळा पाजायचं. वरचं दूध घेणाऱ्या बहुतेक मुलांनाही ते बंद करायची किंवा त्यात जास्त पाणी घालायची गरज नसते. काहींना थोडे दिवस दुधातली साखर पचत नाही : दूध दिल्यावर दर वेळी जुलाब जोरात, आंबूस वासाचे, बुडाशी लाली. असं दिसलं तर डॉक्टरांना विचारून बदल करा, आपल्या मनानं नको. सहा महिन्यांपुढच्यांना रोजचंच जेवण, मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, दर ३-४ तासांनी. फक्त पातळ पेजपाणी किंवा गाळलेलं सूप यावर दिवस काढू नये, त्यात पोषण फार कमी असतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

"जुलाब बांधायची गोळी आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा"

लोपेरामाइडसारखी गोळी आतड्याची हालचाल मंद करते. बाहेर पडणं कमी दिसतं, पण द्रव आतड्यात साठत राहतो आणि शरीराच्या उपयोगाचा नसतो. २ वर्षांखालच्या मुलांना ती द्यायचीच नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलांनाही घरच्या घरी नको. पोट फुगणं, आतड्याची हालचाल थांबणं, गुंगी येणं हे तिचे धोके. मोठ्या माणसाला ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल तर प्रवासापुरती चालते, पण तेव्हाही पाणी-क्षार भरणं सुटत नाही.

लहान मुलांचे बरेच जुलाब रोटासारख्या विषाणूंचे असतात, आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. ते पोटातल्या चांगल्या जिवाणूंना मारतं आणि त्यातून आणखी जुलाब होऊ शकतात. रक्ताची आव किंवा कॉलऱ्याचा संशय अशा ठिकाणी ते लागतं, डॉक्टरांनी ठरवून.

मुलांना औषध म्हणून खरोखर द्यायचं असतं ते झिंक, आणि फिरत्या संदेशात त्याचं नावच नसतं. ६ महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, ६ महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी कोर्स पुरा करायचा, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्यानं कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते.

"मधुमेह असेल तर ओआरएस नको"

लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढ्याच कोलामध्ये १०० ग्रॅमहून जास्त साखर. शरीर कोरडं पडलं तर रक्तातली साखर उलट वाढते, म्हणून मधुमेहींनी ओआरएस घ्यावं आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. मेटफॉर्मिन, लघवी वाढवणारी औषधं किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्या थोडे दिवस थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. कोरड्या शरीरात त्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ओआरएसचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

"दोन दिवसांत आपोआप थांबतं"

बहुतेक वेळा थांबतं. तान्ह्या बाळाला मात्र काही तासांतही गंभीर तूट पडू शकते. पोटाची कातडी बेंबी आणि कूस यांच्या मधोमध उभी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. हळूहळू गेली तर तूट पडली आहे, २ सेकंदांहून जास्त उभी राहिली तर ती गंभीर आहे. फार कुपोषित किंवा गुबगुबीत मुलात ही खूण फसवते, तिथं डोळे, तहान आणि हुशारी बघा.

लघवी ६ ते ८ तास झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, बाळाची टाळू खोल गेली, शौचात रक्त आहे, ताप चढतोय, मूल काहीच पीत नाही किंवा जागंच होत नाही, यातलं काहीही दिसलं की निघायचं. निघताना शेवटची लघवी कधी झाली, किती जुलाब-उलट्या झाल्या, काय आणि किती पाजलं हे कागदावर लिहून घ्या. मूल गिळू शकत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, त्याला कुशीवर धरून न्या.